ब्रेकचा जोर जातो कुठे?

मामाच्या मोटरसायकलला पुढे ड्रम ब्रेक आहे. तो लागतो, असं मामाचं म्हणणं. मागे बसणाऱ्याला तसं कधी जाणवायचं नाही. गाडी शंभर सीसीची टू-स्ट्रोक, वयाने माझ्यापेक्षा मोठी, आणि मामाचा तिच्यावर इतका जीव की मामी तिला सवत म्हणते.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये गगनबावडा रस्त्याने आम्ही दोघं कोल्हापूरला येत होतो. गळीत हंगाम सुरू झालेला, अंधार पडलेला. पुढे उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. मामाने दोन्ही ब्रेक दाबले. गाडी हळू झाली, पण थांबेना! शेवटी त्याने हँडल डावीकडे वळवलं आणि आम्ही साइडपट्टीवरून सरळ उसाच्या सरीत गेलो. खरचटण्यावर निभावलं. गाडी उचलताना मामा एवढंच म्हणाला, "ब्रेक जरा बघाय पाहिजे गं."

मित्र-मैत्रिणींनो, तिसऱ्या वर्षाला मेकॅनिकलला असलेल्या मुलीला एवढं निमंत्रण पुरेसं असतं. मी ठरवलं की ड्रम काढून टाकायचा आणि घरी डिस्क ब्रेकचं पुढचं चाक तयार करायचं. हब आणि कॅलिपर जुन्या बाजारातून घ्यायचे, स्पोक आपण भरायचे, कॅलिपर धरायची प्लेट आपण बनवायची. हे सगळं मी केलं. तरी आज मामाच्या गाडीला ड्रमच आहे. असं का, तेच या लेखात सांगते. आकडे सगळे देते, कारण आमची चूक आकड्यांतच लपलेली होती.

१) आधी मोजमाप

काहीही बदलण्याआधी जे आहे ते मोजावं, हे मी लॅबमध्ये शिकले होते आणि सुदैवाने विसरले नव्हते. शेताकडे जाणारा एक रिकामा डांबरी रस्ता आहे. सकाळी सहा वाजता तिथे खडूने रेघ मारली. मामा हेल्मेट घालून एकटा ४० किमी वेगाने यायचा आणि रेघेवर दोन्ही ब्रेक दाबायचा. पाच वेळा केलं. सरासरी थांबा १७ मीटर.

४० किमी ताशी म्हणजे ११.१ मीटर प्रति सेकंद. वेगाचा वर्ग भागिले दोन गुणिले अंतर केलं की मंदन (डीसेलरेशन म्हणतो ते) निघतं: साधारण ३.६ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे ०.३७ जी. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरला ०.८ जी पर्यंत जाता यायला हवं. अर्ध्याहून जास्त ब्रेक आम्ही वापरतच नव्हतो.

२) जोर किती लागणार?

गाडी ११० किलो, मामा ६५ किलो, एकूण १७५. घरचा वजनकाटा पुढच्या चाकाखाली आणि तेवढ्याच उंचीची फळी मागच्या चाकाखाली ठेवून मामाला वर बसवलं. पुढे ७९ किलो भरले, म्हणजे ४५ टक्के. दोन चाकांमधलं अंतर १.२४ मीटर. गुरुत्वमध्याची उंची मी ०.६२ मीटर धरली.

ब्रेक लावल्यावर वजन पुढे सरकतं, हे मागे बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. किती सरकतं? वस्तुमान गुणिले मंदन गुणिले उंची भागिले चाकांमधलं अंतर. ०.८ जी ला हे ६८७ न्यूटन येतं. उभ्या गाडीत पुढच्या चाकावर ७७२ न्यूटन होतेच, आता झाले १४६०. मागे उरले जेमतेम २५७. म्हणजे जोरात ब्रेक लावताना ८५ टक्के भार पुढच्या चाकावर असतो. 'पुढचा ब्रेक लावू नको, पडशील' असं गावाकडे सगळे सांगतात. त्या सल्ल्यात थांबण्याची मोठी ताकद आपण फुकट घालवतो. (ओल्या रस्त्यावर, वाळूवर आणि वळणात मात्र तो सल्ला ऐकावा!)

घर्षणांक ०.८ धरला तर पुढचं टायर १४६० च्या ०.८ पट, म्हणजे ११७० न्यूटनने गाडी मागे ओढू शकतं. चाकाची त्रिज्या ०.२९ मीटर. दोन्हींचा गुणाकार ३४० न्यूटन-मीटर. हा आपला टॉर्क. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटपर्यंत लागणार आहे.

डिस्क २४० मिमी व्यासाची. पॅड तिला मध्यापासून १०५ मिमीवर पकडतो. ३४० ला ०.१०५ ने भागलं की ३२४० न्यूटन येतात, म्हणजे ३३० किलो. घरातला गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा. असे अकरा सिलिंडर त्या कॅलिपरला लोंबकळतायत असं समजा, आणि तेही प्रत्येक वेळी ट्रॉली आडवी आली की.

एवढा जोर मामाच्या बोटांतून कसा येणार? कॅलिपरला २५.४ मिमीचे दोन पिस्टन, एकाच बाजूला; क्षेत्रफळ १०१३ चौरस मिमी. मास्टर सिलिंडरचा पिस्टन १२.७ मिमीचा; क्षेत्रफळ १२७. गुणोत्तर ८. पॅडचा घर्षणांक ०.४ आणि घासणाऱ्या बाजू दोन, म्हणून पॅड दाबायला हवेत ४०५० न्यूटनने. तेलाचा दाब ४ मेगापास्कल, मास्टर सिलिंडरवर जोर ५०७ न्यूटन, आणि लिव्हर सहापट असेल तर बोटांवर फक्त ८४ न्यूटन, साडेआठ किलो. हायड्रॉलिक्सच्या पेपरला पास्कलचा नियम लिहून दोन मार्क मिळतात. इथे त्याच नियमाने साडेआठ किलोचे ३३० झाले.

डिस्क ब्रेक काही नवीन नाही. होंडाच्या सीबी ७५० ला १९६९ साली पुढे हायड्रॉलिक डिस्क होती. आपल्याकडे १९९९ च्या सीबीझेडने आणि तिच्या मागोमाग आलेल्या गाड्यांनी ती कॉलेजच्या पार्किंगपर्यंत आणली. पण त्या गाड्यांचा फोर्क, हब, कॅलिपर सगळं एकमेकांसाठी बनलेलं असतं. मी मात्र एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवायला निघाले होते.

३) चाक भरणं

डिस्कचा हब ३६ भोकांचा मिळाला, जुनी १८ इंची रिमही ३६ भोकांची. स्पोक मात्र नवे हवे होते, कारण हब बदलला की लांबी बदलते. दुकानात जाऊन 'अंदाजे द्या' म्हणण्याऐवजी सूत्र वापरा. रिमची निपल बसते तिथपर्यंतची त्रिज्या २२१ मिमी, हबच्या भोकांच्या वर्तुळाची त्रिज्या ५० मिमी, चाकाच्या मध्यापासून हबच्या कडेपर्यंत ३० मिमी. एका बाजूला १८ भोकं, म्हणजे दोन भोकांत २० अंश; तीन क्रॉसला कोन ६० अंश. मग लांबीचा वर्ग = २२१ चा वर्ग + ५० चा वर्ग + ३० चा वर्ग − (२ × २२१ × ५० × कॉस ६०) = ४११९१. वर्गमूळ २०३ मिमी. हबच्या दोन कडा मध्यापासून सारख्या अंतरावर नसतील तर दोन बाजूंना दोन वेगळ्या लांबीचे स्पोक लागतात. हे आधीच मोजा, नाहीतर एका बाजूची निपल पूर्ण फिरते आणि दुसरीकडे दोनच आटे लागतात.

स्पोक सरळ मध्यातून न जाता तिरपे, एकमेकांना छेदून का भरतात? सरळ भरलेला स्पोक चाकाचं वजन पेलेल, पण हब फिरायला लागला की तो काहीच अडवत नाही. ब्रेकचा टॉर्क हबपासून रिमपर्यंत न्यायचा तर स्पोक तिरपाच हवा. आपले ३४० न्यूटन-मीटर ३६ स्पोकांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २०० न्यूटन येतात: १८ स्पोक तेवढे ताणले जातात, १८ तेवढे सैल पडतात. म्हणजे मुळात स्पोकला २०० न्यूटनहून बराच जास्त ताण हवा, नाहीतर ब्रेक दाबल्यावर निम्मे स्पोक चक्क ढिले होतील.

आऊट काढायला स्टँड लागत नाही. चाक गाडीच्याच फोर्कमध्ये लावलं, फोर्कला एक केबल टाय बांधून त्याचं टोक रिमला जवळजवळ टेकवलं, चाक फिरवलं. टोक जिथे घासतं तिथे त्या बाजूचा स्पोक पाव फेरा ढिला, समोरचा पाव फेरा घट्ट. एका वेळी पाव फेरा, जास्त नाही. पहिल्या दिवशी मी अर्धा-अर्धा फेरा फिरवला आणि संध्याकाळपर्यंत रिम जिलेबी झाली. दुसऱ्या दिवशी १ मिमीच्या आत आणली. शेवटी पान्याने प्रत्येक स्पोकवर टिचकी मारायची. ताण सारखा असेल तर सूर जवळपास सारखा येतो. जो 'टण्' न करता 'थप्' करतो, तो ढिला.

४) पहिली प्लेट

आता मुख्य भाग. ड्रमच्या गाडीत फोर्कच्या खालच्या पायाला आतून एक उंचवटा असतो. ड्रमच्या झाकणाची खाच त्यात बसते, म्हणून ब्रेक लागल्यावर झाकण चाकाबरोबर गरागरा फिरत नाही. माझ्या वहीत त्याला 'टॉर्क रिअ‍ॅक्शन लग' असं भारदस्त नाव होतं. उद्यमनगरात ज्यांच्या लेथवर मी काम करून घेत होते ते मिस्त्री त्याला 'कान' म्हणतात. मीही आता कानच म्हणते.

माझी प्लेट अशी होती: एका टोकाला एक्सल जाण्यासाठी भोक, बाजूला कानात बसेल अशी खाच, आणि वर कॅलिपरचे दोन बोल्ट. आधी पुठ्ठ्याची कापली, मग ५ मिमी जाडीच्या लोखंडी प्लेटवर आखली, करवतीने आणि ग्राइंडरने कापली, कानस मारून कडा गोल केल्या. स्पेसर तेवढे लेथवर करून घेतले. प्लेट सुंदर दिसत होती. मी तिला काळा रंगसुद्धा दिला.

गणितही केलं होतं. पण फक्त प्लेटच्या सपाट बाजूने. कॅलिपरचा जोर डिस्कच्या पातळीत लागतो आणि डिस्क माझ्या प्लेटपासून १८ मिमी बाजूला होती, हे मी चित्रात काढलं होतं पण गणितात घेतलं नव्हतं. मिस्त्रींनी प्लेट हातात घेऊन दोन बोटांनी तिरकी केली आणि म्हणाले, "पोरी, ही पीळ खाणार."

मला वाटलं, पाच मिमी लोखंड कसला पीळ खातंय!

५) पोत्याची टेस्ट

ब्रेकची पहिली चाचणी रस्त्यावर घेऊ नये, एवढी अक्कल त्या उसाच्या सरीने दिली होती. म्हणून अंगणातच टेस्ट ठरवली, आणि ही टेस्ट खर्चाशिवाय कुणीही करू शकतं.

गाडी मधल्या स्टँडवर, फ्रेमखाली लाकडी ठोकळे, मागचं चाक दोरीने खुंटीला बांधलेलं, पुढचं चाक अधांतरी. रिमला आडवी एक मजबूत लोखंडी नळी बांधली, मध्यापासून पुढे बरोबर १ मीटर येईल अशी. ब्रेकचा लिव्हर पट्ट्याने करकचून दाबून ठेवला. नळी गाडीच्या पुढच्या बाजूलाच हवी, म्हणजे टोकाला वजन लावल्यावर चाक पुढे जाताना फिरतं त्याच दिशेने जोर लागतो.

१ मीटर नळीच्या टोकाला ३५ किलो वाळू टांगली की ३४३ न्यूटन-मीटर. आपला आकडा आठवतो ना? ३४०. आणि सिमेंटचं ५० किलोचं अख्खं पोतं टांगलं की ४९० न्यूटन-मीटर, म्हणजे लागतो त्याच्या जवळपास दीडपट. टेस्ट करताना पाय नळीखाली ठेवायचा नाही, पोतं जमिनीपासून चार बोटांवरच ठेवायचं, आणि लहान पोरांना अंगणातून हाकलायचं.

फोर्कवर कागदी चिकटपट्टी लावून प्लेटच्या कडेशी पेन्सिलने रेघ मारली. वाळूचं पोतं टांगलं. प्लेट डोळ्यांदेखत तिरकी झाली. पोतं काढलं. प्लेट परत आली, पण रेघेवर नाही. फीलर गेज घातला, पाव मिमीचा फरक कायमचा राहिला होता.

पाव मिमी ऐकायला काहीच वाटत नाही. पण लोखंड वाकून परत आलं नाही, याचा अर्थ ते यील्ड झालं. पुढच्या ब्रेकला आणखी थोडं, त्याच्या पुढच्याला आणखी. कधीतरी कॅलिपर स्पोकला टेकला असता आणि चाक जागच्या जागी लॉक झालं असतं, बरोबर त्या क्षणी जेव्हा मामाने सगळ्यात जोरात ब्रेक दाबलाय.

रात्री पुन्हा एसओएमची वही काढली. ३२४० न्यूटन गुणिले १८ मिमी, म्हणजे ५८ न्यूटन-मीटरचा पीळ. तो झेलणारा प्लेटचा भाग ४० मिमी रुंद, ५ मिमी जाड. ताण येतो १९० मेगापास्कलच्या आसपास. साधं लोखंड पिळात १४५ च्या सुमाराला यील्ड होतं. मिस्त्रींनी दोन बोटांत जे सांगितलं, ते मला अर्ध्या तासात कळलं. असो!

६) दुसरी प्लेट, आणि कान

पिळात जाडीचा वर्ग मोजला जातो. जाडी दुप्पट केली की ताण जवळपास चौथाई. १० मिमीच्या प्लेटला तो ५० मेगापास्कल येतो. तशी प्लेट केली, पुन्हा बसवली. वाळू टांगली, प्लेट हलली नाही. सिमेंटचं पोतं टांगलं, दहा मिनिटं ठेवलं. पोतं काढल्यावर पेन्सिलची रेघ जागच्या जागी! मी घरात जाऊन सगळ्यांना बोलावून आणलं. मामीने चहा केला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना सांगायला गेले. त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. "प्लेट जाड केलीस खरं, कान त्योच हाय की गं. घासलेट लाव जा त्याला."

घासलेटची टेस्ट अशी: भाग स्वच्छ धुवायचा, त्यावर घासलेट लावून थोडा वेळ ठेवायचं, मग कोरडा पुसून खडूची पूड चोळायची. तडा असेल तर त्यात शिरलेलं घासलेट हळूहळू बाहेर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. महागड्या डाय पेनिट्रंट टेस्टची ही गरीब बहीण. मी खडू चोळला. पाच मिनिटांनी कानाच्या मुळाशी केसाएवढी बारीक, वाकडी, ओली रेघ आली.

तडा कानाला गेला होता. फोर्कचा पाय ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा. लोखंडासारखा वाकून सूचना देत नाही.

कानाचं गणित मी केलंच नव्हतं. आता केलं. कान एक्सलच्या मध्यापासून ७० मिमीवर. ३४० भागिले ०.०७ म्हणजे ४८६० न्यूटन, जवळपास अर्धा टन. माझ्या सिमेंटच्या पोत्याने तर ७००० न्यूटन दिले. आणि मूळ ड्रम? १७ मीटरच्या थांब्यात सगळा ब्रेक एकट्या पुढच्या चाकाने लावला असं धरलं तरी टॉर्क १८५ न्यूटन-मीटर, म्हणजे कानावर २६५० न्यूटनच्या आत. मी त्या कानाला त्याच्या रोजच्या कामाच्या अडीचपटीहून जास्त ओझं दिलं होतं.

तडा माझ्या टेस्टने गेला की आधीपासून होता? सांगता येणार नाही, कारण टेस्टच्या आधी मी घासलेट लावून बघितलंच नव्हतं. हीसुद्धा चूकच.

इथे मला या सगळ्या कामातला धडा मिळाला. ब्रेक चाकाला थांबवतो म्हणजे जोर नाहीसा होत नाही. तो टायरकडून रिमला, रिमकडून स्पोकांना, स्पोकांकडून हबला, डिस्कला, पॅडला, कॅलिपरला, प्लेटला, कानाला, फोर्कला, फ्रेमला आणि शेवटी मामाच्या अंगापर्यंत जातो. या साखळीतली एक कडी मी बनवली आणि गणित त्या कडीपाशी थांबवलं. ती मजबूत झाली, तेव्हा जोर बिनतक्रार पुढच्या कडीकडे गेला. आपण घरी एखादा भाग बनवतो तेव्हा आपल्या भागाच्या पुढचे आणि मागचे भागही आपल्याच जबाबदारीत येतात.

आणखी एक कडी कायद्याची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. कायद्याचा हेतू काय, हे मला त्या ओल्या रेघेकडे बघून पटलं.

७) मग ड्रमचं काय चुकत होतं?

तडा गेलेला पाय बदलला. जुन्या बाजारातून दुसरा आणला, पैसे माझ्या पॉकेटमनीतून गेले. बसवण्याआधी त्याला घासलेट लावून बघितलं, हे सांगायला नको. डिस्कचं चाक काढून मूळ चाक परत घेतलं, आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: ड्रम उघडला.

आतली धूळ तोंडाने फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. तोंडाला मास्क, ओलं फडकं, आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं.

तीन गोष्टी सापडल्या. एक, लायनर झिजून पातळ झाले होते आणि ते झाकायला कुणीतरी ब्रेकचा बाहेरचा दांडा कॅमवर एक-दोन दात फिरवून बसवला होता. पूर्ण ब्रेक दाबल्यावर दांडा आणि केबल यांच्यात ९० अंशांच्या आसपास कोन हवा. आमचा १३० होता. साइन १३० म्हणजे ०.७७, हाताचा जवळपास पाव जोर इथेच वाया. दोन, केबल आत गंजली होती. तीन, एक लायनर ड्रमला फक्त दोन्ही टोकांना टेकत होता.

ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो. आमच्यावर १३१ मिमी लिहिलंय, व्हर्निअरने १३०.४ भरला, म्हणजे चालेल. नवे लायनर आणले. ड्रमच्या आत खडू फासला, चाक फिरवून ब्रेक हलका दाबला, लायनरवर जिथे खडू लागला तेवढाच भाग पॉलिशपेपरने हळूहळू घासला. चार-पाच वेळा केल्यावर खडू जवळपास सगळीकडे लागायला लागला. कॅमला अगदी थोडं ग्रीस (लायनरला लागलं तर सगळं वाया), नवी केबल, दांडा बरोबर दातावर. एक्सलचा नट घट्ट करण्याआधी चाक फिरवून ब्रेक दाबून ठेवायचा, म्हणजे झाकण मध्यावर बसतं. हा मिस्त्रींचा कानमंत्र.

नवे लायनर बसायला आठवडाभर हळू चालवली. मग तोच रस्ता, तीच रेघ, तोच मामा, तोच स्पीडोमीटर. पाच थांब्यांची सरासरी ११ मीटर.

१७ चे ११. डिस्कच्या स्वप्नातले ०.८ जी नाहीत, ०.५७ आहेत. पण सहा मीटर म्हणजे उसाच्या एका ट्रॉलीएवढी लांबी. त्या रात्री आम्हाला तेवढीच कमी पडली होती. खर्च नवे लायनर, नवी केबल आणि थोडं ग्रीस.

८) घरी काय करावं, काय नाही

स्पोक भरणं, आऊट काढणं, केबल आणि लायनरचं सेटिंग, पुठ्ठ्याचे नमुने, आपल्या मोजमापाने लेथवर करून घेतलेले स्पेसर, आणि पोत्याची टेस्ट: हे घरी जरूर करा. एसओएम आणि थिअरी ऑफ मशीन्स एकदम डोक्यात शिरतात. पण टेस्ट अशा फोर्कवर करा जो पुन्हा रस्त्यावर जाणार नाही.

पत्र्यातून डिस्क कापू नका. ती तापून वाकडी होते. आहे त्या डिस्कला शोसाठी भोकं पाडू नका. फोर्कच्या पायावर किंवा कानावर वेल्डिंग करू नका. ओतीव अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पहिल्यासारखं राहत नाही. ब्रेकची नळी जोडून लांब करू नका. ब्रेक ऑइल उघड्या डब्यातलं वापरू नका. ते हवेतलं पाणी शोषतं, पाणी तापून वाफ होते आणि लिव्हर ऐनवेळी पोकळ लागतो. आणि जे काही बनवाल ते बंद आवारातल्या प्रोजेक्टसाठी असू द्या, रोज रस्त्यावर जाणाऱ्या गाडीसाठी नको.

माझं डिस्कचं चाक मामाच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलंय. पाव मिमीने वाकलेली काळी प्लेट मात्र मी हॉस्टेलवर आणलीय, जर्नलवर ठेवायला बरी पडते. कुणाला पीळ बघायचा असेल त्यांनी सबमिशनच्या आधी यावं.

आणि हो, मामाच्या मागे बसलं की आता मी प्रत्येक सिग्नलला त्याच्या पाठीवर जाऊन आपटते. मामा म्हणतो, "सरळ बस की गं!" मी काही बोलत नाही.